अकरा नंबरचा बावटा

कोकणातल्या बंदरांवर वादळाची खबर देणाऱ्या खुणांना लोक सरसकट ‘बावटा’ म्हणतात. प्रत्यक्षात तो कापडी झेंडा नसतो. दिवसा खांबावर शंकूच्या आणि पिंपाच्या आकाराच्या वस्तू चढवतात, रात्री लाल-पांढरे दिवे लावतात आणि त्यांच्या मांडणीवरून नंबर ओळखायचा. पावसाळ्यात ‘तीन नंबरचा बावटा लागला’ अशी बातमी छापून येते ती याच पद्धतीतली. एक आणि दोन नंबर म्हणजे दूर समुद्रात काहीतरी शिजतंय. तीन आणि चार म्हणजे खुद्द बंदराला धोका. पाच ते सात वादळाचे, आठ ते दहा मोठ्या वादळाचे. वादळ बंदराच्या कोणत्या बाजूने जाणार की थेट डोक्यावरून, त्यावर त्यातला नेमका नंबर ठरतो.

शेवटचा अकरा. त्याचा अर्थ असा की, हवामान खात्याच्या केंद्राशी बंदराचा संपर्क तुटला आहे. वादळ कुठे पोहोचलंय ते सांगता येत नाही. धोका मात्र आहे.

मला हा अकरावा नंबर या सगळ्या पद्धतीतला सर्वांत प्रामाणिक वाटतो. ‘आम्हाला आता काही कळत नाही’ हे सांगण्यासाठी सरकारने एक वेगळी खूण राखून ठेवावी, हे विशेषच. ३ जून २०२० च्या दुपारी दापोली तालुक्यातलं मुरुड, हर्णै, आंजर्ले, केळशी हा सगळा पट्टा नेमक्या याच अवस्थेत होता. वीज गेलेली, टॉवर बंद, रस्त्यावर झाडं आडवी. फक्त गावांसाठी असा कुठला बावटा नव्हता.

मुरुड म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जंजिऱ्याचं मुरुड येतं. मी लिहितोय ते रत्नागिरी जिल्ह्यातलं, हर्णैच्या दक्षिणेचं, महर्षी कर्व्यांचं मुरुड. नारळी-पोफळीच्या वाड्या, मधून जाणारी पाखाडी आणि पलीकडे वाळू. निसर्ग वादळात या दोन मुरुडांची गल्लत बातम्यांमध्येही होत होती. त्या गल्लतीबद्दल पुढे बोलूच, आधी थोडं मागे जाऊ.

हवामान खातं येण्याच्या कितीतरी आधी या किनाऱ्याला स्वतःचा अंदाज होता. तो कालगणनेच्या रूपात होता. ‘मान्सून’ हा शब्द अरबी ‘मौसिम’वरून, पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत गेला, हे आता शाळेतली मुलंही सांगतात. आपण मराठीत ‘मोसम’ म्हणतो तेव्हा त्या मूळ शब्दाच्या जास्त जवळ असतो. अरब खलाशांच्या लेखी मौसिम म्हणजे पाऊस नव्हे, ठरलेली वेळ. कोणत्या बंदरातून कोणत्या दिवशी निघायचं, ती वेळ. आजच्या रास अल-खैमाजवळच्या जुल्फारचा अहमद इब्न माजिद हा त्या काळातला सर्वांत मोठा दर्यावर्दी लेखक. त्याचा ‘किताब अल-फवाइद’ हा ग्रंथ १४९० च्या सुमाराचा आहे. त्यात त्याने बंदरागणिक निघण्याचे दिवस दिले आहेत. नैऋत्येचा वारा सुरू झाला की भारताचा पश्चिम किनारा साधारण ९० दिवस बंद, असा त्याचा हिशेब. या काळाला अरब खलाशी ‘समुद्र बंद होणं’ असंच म्हणत.

यातली एक गोष्ट मला फार लक्षणीय वाटते. इब्न माजिद धार्मिक माणूस होता, ग्रंथात जागोजागी अल्लाहचं नाव आहे. पण निघण्याचे दिवस देताना तो हिजरी महिने वापरत नाही. हिजरी वर्ष चंद्राचं, साधारण ३५४ दिवसांचं. ते दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतं आणि ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतं. रमजान जूनमध्ये येतो तसा जानेवारीतही येतो. पावसाला ते जमत नाही. म्हणून अरब खलाशांनी इराणी नौरोजपासून दिवस मोजायची रीत धरली. नौरोजचा शंभरावा दिवस, दोनशेवा दिवस, असं. इबादतीसाठी चंद्र, समुद्रासाठी सूर्य.

आपल्या कोकणात काय वेगळं आहे? पंचांगातले सणवार चंद्रावर चालतात. शेतकरी मात्र मिरग, आर्द्रा, पुनर्वसू मोजतो, आणि पावसाची ही नक्षत्रं सूर्याची असतात. म्हणून मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो. दापोली-मंडणगडकडचा मुसलमान शेतकरीही ‘मिरग लागला’ असंच म्हणतो. त्याला त्यात काही परकं वाटत नाही. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ देतो आणि त्यानंतर होड्या बाहेर पडतात. मुसलमान दालदी मच्छीमारही साधारण त्याच सुमाराला होड्या पाण्यात लोटतो. हे सगळं मिळून एक हवामान अंदाजच आहे. शेकडो वर्षांच्या मृत्यूंमधून तयार झालेला, आणि म्हणून कुणी सहसा न मोडणारा.

हजच्या प्रवासालाही हाच नियम होता. हज कोणत्याही ऋतूत येवो, गलबतं वाऱ्याच्या वेळेलाच निघत, आणि यात्रेकरूंना मधले महिने तिकडे काढावे लागत. मुरुडच्या दक्षिणेला, वाशिष्ठी खाडीच्या तोंडाशी दाभोळ आहे. बहमनी आणि आदिलशाही काळात तिथून तांबड्या समुद्राकडे जहाजं जात. दाभोळच्या खाडीकाठी जी देखणी मशीद उभी आहे, तिची दंतकथा सगळ्यांना माहीत आहे. १६५९ च्या सुमारास विजापूरची शहजादी मक्केला निघण्यासाठी लवाजम्यासह दाभोळला आली, प्रवास रद्द झाला आणि त्या पैशातून मशीद उभी राहिली. प्रवास का रद्द झाला, तर कोणी चाच्यांची भीती सांगतं, कोणी खराब हवामान. दंतकथाच ती. पण प्रवास हवामानामुळे अडला असेल, हे इथल्या माणसाला सहज पटतं, एवढं मला त्यातून घ्यायचंय.

वेळ चुकली की काय होतं, याची मोठी कथा सिदी अली रईसची. हा उस्मानी आरमारप्रमुख १५५४ मध्ये बसऱ्याहून १५ जहाजं घेऊन निघाला. मस्कतजवळ पोर्तुगीजांशी लढाई झाली आणि उरलेली जहाजं एका भयंकर वादळात सापडली. ते त्याला ढकलत ढकलत थेट गुजरातच्या किनाऱ्यावर घेऊन आलं. जहाजं सोडून तो खुष्कीने परत गेला आणि ‘मिरआत-उल-ममालिक’ हे प्रवासवर्णन लिहून ठेवलं. त्या वादळाला तो ‘तुफान-ए-फील’ म्हणजे हत्तीचं तुफान म्हणतो. हत्तीच का? माझा अंदाज सांगतो. पावसाच्या शेवटी सप्टेंबरअखेर लागतं ते हस्त नक्षत्र. आपल्याकडे त्याला ‘हत्ती’ म्हणतात, त्या दिवसांत पाटावर हत्ती काढून मुली भोंडला खेळतात. मलबारकडे पोर्तुगीजही पावसाळा संपतानाच्या वादळी वाऱ्याला ‘एलेफांता’ म्हणत. तुर्की आरमारप्रमुखाच्या वहीतला हत्ती आणि भोंडल्याच्या पाटावरचा हत्ती एकच असावा, असं मला वाटतं. खलाशांच्या बोलीत धर्म आणि भाषा एकमेकांना विचारून आत येत नाहीत.

आता आधुनिक इशाऱ्याकडे येऊ. ‘सायक्लोन’ हा शब्द हेन्री पिडिंग्टन या कलकत्त्याच्या अधिकाऱ्याने १८४८ मध्ये घडवला. १८६४ मध्ये कलकत्त्याला मोठं चक्रीवादळ आलं, हजारो माणसं गेली, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या बंदरासाठी इशाऱ्याची व्यवस्था झाली. १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं, एच. एफ. ब्लॅनफोर्ड त्याचा पहिला प्रमुख. १८८० मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांना इशारे मिळू लागले. मुंबई, कराची, रत्नागिरी, वेंगुर्ले, कारवार, कुमठा. १ एप्रिल १८९८ पासून देशभरच्या बंदरांना एकसारखी खुणांची पद्धत लागू झाली. आजचा बावटा त्याच घराण्यातला.

ही यादी नीट पाहिली तर सगळी बंदरं आहेत. इशारा जहाजांसाठी होता. जहाजावर माल होता, मालाचा विमा होता, आणि तारेने बातमी जाईल अशी कचेरी बंदरातच होती. यात कुणाचा दुष्टावा नव्हता, पण रचना ठरून गेली: खबर समुद्राकडे तोंड करून उभी राहील.

हर्णैच्या एका म्हाताऱ्या तांडेल चाचांना मी एकदा विचारलं होतं, “चाचा, तुमच्या तरुणपणी वादळाची खबर कशी कळायची?”

“बंदरात बावटा चढायचा ना.”

“आणि घरच्यांना?”

“घरच्यांना कशाला कळेल? बावटा दर्यावरून दिसायला लावलेला, रे बाबा. घर तर मागं. आम्ही घरी आलो तर कळलं, नाही आलो तरी कळलं.”

घर मागं, याचा अर्थ समजायला महर्षी कर्व्यांची एक हकीकत उपयोगी पडते. धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ चा, बालपण मुरुडचं. सतरा वर्षांच्या आसपास, म्हणजे हवामान खातं स्थापन झालं त्याच सुमारास, सरकारी नोकरीसाठीची परीक्षा द्यायला ते निघाले. पावसाचे दिवस, त्या दिवसांत किनाऱ्याच्या बोटी बंद. मुरुडहून साताऱ्यापर्यंत, ११० मैल, धो धो पावसात घाट चढून ते पायी गेले. तिथे कमिटीने पाहिलं आणि ‘वय लहान दिसतं’ म्हणून परीक्षेलाच बसू दिलं नाही. आत्मचरित्रात त्यांनी हे लिहून ठेवलंय. लोक ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात, ती आहेच. मला तीत पावसाळ्यातलं मुरुडही दिसतं. समोर समुद्र बंद, मागे सह्याद्री, आणि मधल्या माणसाने आपलं आपण बघायचं.

जुनं कॅलेंडर जिथे दगा देतं ती जागा म्हणजे मोसमाचे सांधे. ऐन पावसाळ्यात अरबी समुद्रात खालचे वारे नैऋत्येकडून आणि उंचावरचे वारे पूर्वेकडून जोरात वाहतात. वर चढणाऱ्या वादळाची त्यात मान मुरगळली जाते, ते सहसा मोठं होत नाही. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस प्रचंड, पण खरं चक्रीवादळ क्वचित. ती येतात मे-जूनमध्ये आणि मग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. नोव्हेंबरात तर समुद्र उघडून दोन-अडीच महिने झालेले असतात, माणूस निर्धास्त असतो. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन प्रवासी बोटी एकाच दिवशी बुडाल्या. फयान वादळ २००९ मधलं, तारीख पुन्हा ११ नोव्हेंबर. त्या पहाटे त्याला वादळाचा दर्जा आणि नाव मिळालं आणि त्याच दिवशी दुपारी ते अलिबाग-मुंबईच्या मधून जमिनीवर आलं. समुद्रात गेलेल्या कोकणातल्या अनेक मच्छीमारांसाठी तो इशारा पोहोचायच्या आतच जुना झाला. कित्येक परतले नाहीत.

‘रामदास’ची गोष्ट निराळी. १७ जुलै १९४७, ऐन पावसाळा, दुसऱ्या दिवशी गटारी अमावस्या म्हणून गावाकडे निघालेली गर्दी. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. मुंबई डोळ्यांना दिसेल इतकी जवळ होती, आणि तिला ही बातमी कित्येक तासांनी कळली. अकरा नंबर लावायलाही कुणीतरी खांबापाशी असावं लागतं.

आता निसर्ग. १ जूनला कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला, २ जूनला वादळ, ३ जूनला तीव्र चक्रीवादळ. ताशी ११० ते १२० किलोमीटर वारा, झोत त्याहून जास्त. जूनमध्ये महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर इतकं जोरदार वादळ १८९१ नंतर प्रथमच आलं, असं तेव्हा सांगितलं गेलं. हवामान खात्याचा अंदाज चुकला नव्हता, हे स्पष्ट लिहायला हवं. दोन दिवस आधी दिशा, वेळ, वेग सगळं जाहीर होतं. होड्या ओढून घेतल्या गेल्या, हजारो माणसं हलवली गेली, म्हणून मृतांची संख्या मोजकी राहिली. रत्नागिरी जिल्ह्यालाही इशारा होता.

पण वादळ जमिनीवर कुठे येणार, याची जी ओळ टीव्हीवर फिरत होती ती ‘हरिहरेश्वर ते दमणच्या दरम्यान, अलिबागजवळ’ अशी होती. हरिहरेश्वर सावित्रीच्या खाडीच्या अलीकडे, रायगडात. खाडी ओलांडली की बाणकोट, मग वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरुड. म्हणजे ओळ संपते तिथून आमचा पट्टा सुरू होतो. सगळे कॅमेरे मुंबईकडे लागलेले. वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यातून आत शिरलं, मुंबई वाचली, आणि संध्याकाळी वाहिन्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. वादळ ज्या दिशेला चाललंय तिच्या उजव्या हाताला फिरणारा वारा आणि पुढे सरकण्याचा वेग यांची बेरीज होते, डाव्या हाताला वजाबाकी. निसर्ग ईशान्येकडे सरकत होतं. त्याच्या उजव्या हाताला कोण? मंडणगड आणि दापोली. जंजिऱ्याचं मुरुड डाव्या हाताला, आमचं मुरुड उजव्या. दोन मुरुडांची गल्लत मला टोचते ती यासाठी. वादळ कुठे ‘धडकणार’ ही एक माहिती आणि कुठे जास्त मोडतोड होणार ही दुसरी. पहिली घराघरांत पोहोचली. दुसरी ज्यांना हवी होती त्यांच्यापर्यंत ती कुणी सोप्या मराठीत नेली नाही.

मग जे झालं ते झालं. कौलं आणि पत्रे उडाले, शाळांची छपरं गेली, पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. पोफळीला धरायला सहा-सात वर्षं लागतात, नारळालाही जवळपास तितकीच. वाड्या गुंठ्यांत असतात आणि सरकारी मदतीचा हिशेब हेक्टरी, त्यामुळे हातात आलेली रक्कम पाहून लोक हसले की रडले ते सांगता येत नाही. कित्येक वाड्यांमध्ये काही आठवडे वीज नव्हती. वर कोरोनाची टाळेबंदी. मुंबईत आणि आखातात अडकलेली मुलं दिवसेंदिवस फोन लावत होती आणि इकडे टॉवर मेलेले. त्याच दिवशी ‘बसरा स्टार’ नावाचं एक जहाज भरकटत येऊन रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्याला अडकलं. खलाशी वाचले. बसऱ्याहून निघालेल्या सिदी अलीची आठवण मला तेव्हाच झाली होती.

आज पावसाचे इशारे पूर्वीपेक्षा खूप बारीक झालेत. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे मुसळधार, ११५.६ च्या पुढे अतिमुसळधार, २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार, आणि त्यावर पिवळा, नारिंगी, लाल रंग. मोबाइलवर थेट संदेश येतात. महावेधची स्वयंचलित केंद्रं महसूल मंडळांत बसली आहेत, दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडून शेतकऱ्यांना सल्ला मिळतो, आणि हर्णैला हवामान खात्याची वेधशाळा आहे. मुरुडपासून ती काही मिनिटांवर आहे. तरी ‘रत्नागिरी जिल्हा, रेड अलर्ट’ एवढंच ऐकणाऱ्या माणसाला कळत नाही की हा पाऊस किनाऱ्यावर की घाटमाथ्यावर. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, त्या रात्रीच्या पावसात महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर नोंदले गेले. आपल्या अंगणात पाऊस किती पडतोय यावर पूर ओळखणाऱ्या माणसाला डोंगरावरचा हा आकडा कुणीतरी वेळेत सांगायला हवा.

सांगणारा कोण, हा जुना प्रश्न आहे. हदीसमध्ये एक प्रसंग येतो. पावसाचा, चिखलाचा दिवस होता. अब्दुल्लाह इब्न अब्बास यांनी मुअज्जिनला सांगितलं की, नमाजला या असं पुकारण्याच्या जागी लोकांना आपापल्या घरी नमाज पढायला सांग. ऐकणाऱ्यांना ते विचित्र वाटलं. इब्न अब्बासांनी उत्तर दिलं की, माझ्याहून श्रेष्ठ माणसाने हे केलेलं आहे. हवामानासाठी अजानचा शब्द बदलला गेला, आणि लोकांनी तो ऐकला, कारण आवाज रोजचा, ओळखीचा होता. तहसीलदाराच्या व्हॉट्सॲप संदेशाला तो मान मिळत नाही. दिवसाला दहा रेड अलर्ट बघून बोट आपोआप पुढे सरकतं.

म्हणून मुरुड-हर्णै पट्ट्यातल्या जमातींनी, देवस्थानांनी आणि ग्रामपंचायतींनी अकरा नंबरची तयारी स्वतः करावी, असं मी गेली काही वर्षं जिथे बोलावतील तिथे सांगतोय. प्रत्येक वाडीत स्लॅबची घरं किती आणि त्यांत कितीजण मावतील, एकटी राहणारी म्हातारी माणसं कोणती, इन्सुलिन कुणाला लागतं, झाडं तोडायची करवत कुणाकडे आहे, याची कागदावर लिहिलेली यादी. मोबाइलमधली नको, तो बंद पडणारच आहे. भोंग्याला बॅटरी. हर्णैच्या वेधशाळेतून आणि तहसील कचेरीतून शेवटची खबर आणणारा एक ठरलेला मोटारसायकलवाला, आणि वारा वाढल्यावर त्याने कुठवर जायचं नाही, तेही ठरलेलं. दोन गावांत अशी यादी झाली. तिसऱ्या गावात बैठक झाली ती यादी मशिदीत ठेवायची की देवळात यावर अडली, शेवटी ती रेशन दुकानदाराकडे ठेवायचं ठरलं. त्याचं घर स्लॅबचं आहे.